घोडा का अडला?

एका वाचकाचं पत्र:

«ताई, मी अलिबागजवळच्या एका गावात राहतो. वय २८. वडील घोडागाडी चालवायचे, ओहोटीला लोकांना कुलाबा किल्ल्यावर न्यायचे. तीन वर्षांपूर्वी ते गेले. आता माझ्याकडे एकच घोडी आहे, चांदणी. शनिवार-रविवारी किनाऱ्यावर फेऱ्या मारतो, बाकीचे दिवस कुठे जातात कळत नाही. दर महिन्याला ठरवतो की पाचला उठायचं, साडेपाचला चांदणीला किनाऱ्यावर फिरवायचं, व्यायाम करायचा, बारावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरलाय त्याचा अभ्यास करायचा, पैसे बाजूला टाकायचे. चार दिवस जोरात चालतं, पाचव्या दिवशी बंद. रात्री एक-दीडपर्यंत मोबाइल हातात असतो. गेल्या आठवड्यात नऊला जाग आली. चांदणीची बादली रात्रीपासून कोरडी होती. मी घाबरलो. तिला पाणी दिलं आणि चुकलेली चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, भरून काढायची म्हणून दुप्पट घातली. दुपारी ती पोटाकडे वळून बघायला लागली, पाय आपटले, मग लोळलीच. संध्याकाळी डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं, वाचली. बायको एवढंच म्हणाली, ‹मुक्या जनावराला वेळेवर पाणी देता येत नाही, उद्या बाळाचं काय करणार?› जानेवारीत आमच्याकडे बाळ येणार आहे. ताई, माझ्यात शिस्तच नाही. ती कशी आणायची?»

तुमचं पत्र दोनदा वाचलं, आधी चांदणीसाठी आणि मग तुमच्यासाठी. त्याच क्रमाने लिहिते, रागावू नका.

घोड्याला ओकता येत नाही. आपल्याला काही बाधलं तर उलटी होऊन मोकळं वाटतं, तिला ती वाटच नाही. तिचं पोट अंगाच्या मानाने लहान, जेमतेम ८ ते १५ लिटरचं, आणि त्यात आम्ल चोवीस तास पाझरत असतं, चारा असो वा नसो. म्हणून तिला दिवसभर थोडं थोडं लागतं. रात्रभर कोरड्या राहिलेल्या जनावराच्या पुढ्यात दुप्पट चंदी ओतली की पोटशूळ उठायला वेळ लागत नाही. त्याच चंदीने पुढे खुरांत दाह होऊन घोडं कायमचं अधू झाल्याचंही मी पाहिलंय. चुकलेली चंदी चुकली, ती भरून काढायची नसते. आधी पाणी, मग सुका चारा, आणि चंदी सावकाश, नेहमीएवढीच. पाय आपटणं, पोटाकडे वळून बघणं, लोळणं, लीद बंद होणं, यातलं काहीही दिसलं तर संध्याकाळ होऊ देऊ नका. चारा काढून घ्या, डॉक्टरांना लगेच फोन करा, आणि बाटलीने घरगुती काढे पाजू नका, ते फुप्फुसात जाऊ शकतात. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर तबेल्याच्या दारावर खडूने मोठा लिहा. हे पत्र पुढे वाचायच्या आधी लिहा.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही स्वतःशी नेमकं तेच करताय जे त्या सकाळी चांदणीशी केलंत. महिनाभर उपाशी ठेवता आणि मग एका पहाटे उठणं, व्यायाम, अभ्यास, पैसे, रपेट असं सगळं एकदम तोंडाला बांधायच्या तोबऱ्यात भरता. पाचव्या दिवशी ते पचत नाही, आणि तुम्ही म्हणता माझ्यात शिस्त नाही.

नाही कशी? तुमचे वडील किल्ल्यावर गाडी न्यायचे. त्या धंद्यात भरती सुरू झाली की गिऱ्हाईक कितीही ‹पाच मिनिटं थांबा› म्हणालं तरी गाडी वळवावीच लागते, नाहीतर चाकं पाण्यात आणि माणसं किल्ल्यात. मनगटावरच्या घड्याळावर तो धंदा चालत नाही, तिथीवर चालतो. पाऊणकी तुम्हाला घरातच शिकायला मिळाली असणार. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहाला पूर्ण भरती आणि बाराच्या सुमाराला ओहोटी. पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराची भरती, म्हणजे पहाटे सव्वापाचच्या आसपास पाणी पार खाली गेलेलं.

आता तुमचा बेत या हिशोबात बसवून बघा. पहाटे साडेपाचला किनाऱ्यावर रपेट. अमावास्येला किंवा पौर्णिमेला सुरुवात केलीत तर काय छान! ओली, घट्ट वाळू, माणूस नाही, घोडी खुशीत. पण भरती-ओहोटी रोज पाऊण तासाने पुढे सरकते. पंचमीला भरती पावणेचारची. साडेपाचला तुम्ही खाली उतरता तेव्हा घट्ट वाळूचा पट्टा अजून पाण्याखाली आहे आणि उरलीय ती वरची भुसभुशीत कोरडी वाळू, जिच्यात घोडीचे पाय रुततात आणि पायांच्या शिरांवर, म्हणजे कंडरांवर, ताण येतो. तुम्ही परत फिरता. घरी येऊन वाटतं, आज राहिलंच, आता बाकीचं तरी कशाला. ‹चार दिवस जोरात, पाचव्या दिवशी बंद› असं तुम्ही लिहिलंत तेव्हा माझी नजर आधी भिंतीवरच्या पंचांगाकडे गेली. दर वेळी हेच झालं असेल असं म्हणत नाही, मोबाइलचा वाटा मोठा आहेच. पण घोडं इथेही पेंड खातंय, आणि हा दोष तुमच्या मनाचा नाही, वेळापत्रकाचा आहे. पहाटे पाचचं हे वेळापत्रक मोबाइलवर कोणीतरी सांगितलेलं, आणि सांगणाऱ्याच्या दाराशी समुद्र नव्हता.

तेव्हा घड्याळ बाजूला ठेवा आणि क्रम धरा. कुठल्या कामानंतर कुठलं काम, एवढंच ठरवायचं. उठलो की पाणी. पाण्यानंतर चारा. चाऱ्यानंतर खूर साफ करणं आणि खरारा, म्हणजे अंग घासणं. मग चंदी. फिरवणं त्या दिवशीच्या ओहोटीला, आणि ओहोटी अडनिड्या वेळी असेल तर गावातल्या मातीच्या रस्त्याने, पण फिरवणं चुकवायचं नाही. पान का सडलं, भाकरी का करपली, घोडा का अडला, या जुन्या कोड्याचं उत्तर लहानपणी तुम्हीही दिलं असेल: न फिरवल्यामुळे. उठायची वेळ सहा असो की साडेसहा, मला फरक पडत नाही. चांदणीलाही फारसा पडणार नाही, बादली भरलेली असेल तर.

आमच्याही घरी टांगा होता, मुरुडला. मी चौदा वर्षांची असताना घोड्याचे खूर साफ करायचं काम माझ्याकडे होतं. एका पावसाळ्यात आठवडाभर मी ते केलंच नाही. बाबा विचारायचे, मी हो म्हणायचे. आठव्या दिवशी घोडा मागच्या डाव्या पायाने लंगडायला लागला. बाबांनी तो खूर उचलला, आकडीने चिखल काढला आणि मला खाली बसवून वास घ्यायला लावला. खुराच्या तळाशी मधोमध जो मऊ त्रिकोण असतो ना, त्याच्या कडेच्या खाचेत काळा, चिकट, कुजका चिखल होता. तो वास अजून माझ्या नाकात आहे. टांगा पंधरा दिवस उभा राहिला. ते काही बोलले नाहीत, आणि त्या पंधरा दिवसांत घरात दूध कमी आलं तेही कोणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ते माझ्यासोबत उभे राहायला लागले. मी खूर उचलायचा, टाचेकडून पुढे आकडी ओढायची, आणि एक खूर होईपर्यंत एक पाढा म्हणायचा. पुढचा डावा म्हणजे सोळा, मागचा डावा म्हणजे सतरा, मग पलीकडे जाऊन अठरा आणि एकोणीस. गणितात मी कच्ची होते. दिवाळीपर्यंत चारही पाढे पाठ झाले आणि खूर कोरडे राहिले. अभ्यासाला म्हणून मी वेगळी बसले नव्हते.

तुम्हीही असंच सुरू करा, आणि पहिले पंधरा दिवस एवढंच. चार खूर, चार प्रश्न. रात्री बारावीच्या पुस्तकातले चार प्रश्न आणि त्यांची उत्तरं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा, कागद खुंटीला अडकवा, आणि सकाळी एकेक खूर साफ करताना एकेक उत्तर मोठ्याने म्हणा. चांदणीला तुमचा आवाज आवडेल. अंगाखाली वाकून सौम्य आवाजात बोलत राहणाऱ्या माणसाजवळ घोडी निवांत उभी राहते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. या सगळ्याला बारा-पंधरा मिनिटं लागतील. व्यायाम नको, पाच वाजता उठणं नको, वहीत मोठे संकल्प नकोत. मन म्हणेल की एवढ्याने काय होणार. म्हणू द्या.

पंधरा दिवसांनी त्यात भर घालायची ती चंदी वाढवतात तशी. खुराक बदलायचा तर आठ-दहा दिवस घेऊन मूठ-मूठ वाढवतो ना आपण? तसंच. खरारा करताना आणखी दोन प्रश्न, किंवा फिरवताना तुम्ही खोगिरावर न बसता शेजारून चालणं, म्हणजे तुमचाही व्यायाम झाला. परीक्षा फेब्रुवारीत आणि बाळ जानेवारीत, तेव्हा सगळे विषय एकदम निघतील असं धरून चालू नका. जमतील तेवढे काढा, राहिलेले पुरवणी परीक्षेला. त्यात कमीपणा काही नाही.

आता रात्रीचं, कारण तुमची सकाळ रात्रीच बिघडते. जेवायला बसायच्या आधी तबेल्यात जायचं. आमचे बाबा कंदील घेऊन जायचे आणि ते परत येईपर्यंत आई ताट वाढायची नाही. बादल्या भरायच्या, दोन, काठोकाठ. तुमच्या घोडीच्या अंगाची, तीनशे किलोच्या आसपासची घोडी आपल्या दमट उकाड्यात दिवसाला २० ते ३० लिटर पाणी सहज पिते, एका बादलीत तिची रात्र निघत नाही. मिठाचा खडा आहे का बघायचं. लीद किती आणि कशी पडलीय बघायचं. सुका चारा रात्रभर पुरेल एवढा ठेवायचा. आणि येताना मोबाइल तिथेच ठेवून यायचं. पत्र्याचा बिस्किटांचा डबा घ्या, उंदीर आणि ओल दोन्हींपासून वाचेल. गजर लावून डब्यात ठेवा, डबा फळीवर. सकाळी तो वाजायला लागला की बंद करायला चांदणीकडेच जावं लागेल. एकदा तुम्ही तिच्यासमोर उभे राहिलात आणि तिने मान पुढे केली की परत अंथरुणात जाणं कठीण आहे. पहिल्या तीन-चार रात्री हात शिवशिवतील. त्या रात्री बायकोशी बोला. बाळाचं नाव ठरवायचं असेल ना?

तिच्या बोलण्याचं तुम्हाला लागलंय, ते पत्रात दिसतं. ती रागाने बोलली असं मला वाटत नाही, भीतीने बोलली. तिला आता नवे बेत ऐकवू नका, तिने ते पुष्कळ ऐकलेत. आणि ‹मला उठव› असंही सांगू नका. सातव्या महिन्यात तिला तुमची राखण करायला लावू नका. रोज संध्याकाळी भरलेल्या बादल्या तिला दिसतील, तेवढं पुरे.

पावसाळाभर चांदणी जवळजवळ उभीच होती ना? नवरात्रापासून गिऱ्हाईक सुरू होईल, आणि पहिल्याच शनिवारी तुम्ही तिला दिवसभर पळवाल, ही मला खरी काळजी आहे. चार महिने उभ्या राहिलेल्या घोड्याचा दम आणि स्नायू काही आठवड्यांत परत येतात, पण पायामागच्या शिरा आणि हाडं घट्ट व्हायला महिने लागतात. घोडं दमदार दिसतं आणि आतून कच्चं असतं. पहिले दोन-तीन आठवडे फक्त चाल, वीस मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत. मग थोडी दुडकी. दौड सगळ्यात शेवटी. माणसाचंही असंच असतं. चार दिवसांचा उत्साह म्हणजे परत आलेला दम, आतल्या शिरा अजून तयार नसतात. म्हणून पहिल्या महिन्यात स्वतःला दौडवू नका.

आणि एक शिस्त अशी आहे की जिच्याबद्दल तुम्ही पत्रात एक शब्द लिहिला नाहीत, पण ती मला सगळ्यात मोठी वाटते. नाही म्हणण्याची. घोड्याने स्वतःच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्यापर्यंत भार वाहावा असा सर्वसाधारण दंडक आहे. तीनशे किलोच्या घोडीला म्हणजे खोगीर धरून ६० किलो. रविवारी दुपारी मांडव्याला बोटीतून उतरलेला घोळका येतो, धिप्पाड माणूस म्हणतो मला आणि मुलाला एकत्र बसवा, डबल पैसे देतो. त्या वेळी पाय घट्ट रोवून ‹नाही, मुलाला एकट्याला बसवतो, मी लगाम धरून चालतो› म्हणता आलं पाहिजे. शेजारचा घोडेवाला बसवेल, तुमचे पैसे जातील, वाईट वाटेल. पण रोज पहाटे उठणाऱ्यापेक्षा रविवारी दुपारी नाही म्हणणाऱ्या माणसाला मी जास्त शिस्तीचा म्हणेन. घोडीला तास-दीड तासाने सावली आणि पाणी, हेही त्यातच आलं.

पैशांचं थोडक्यात. तुमचा हंगाम आठ महिन्यांचा आणि चांदणीचं तोंड बारा महिन्यांचं. तिला रोज सहा किलो सुका चारा धरा. पावसाचे १२० दिवस म्हणजे ७२० किलो, आणि तोही नुसता भाताचा पेंढा नको, त्यात कस नसतो, चांगलं वाळलेलं गवत हवं. पावसात गवत महागतं आणि बुरसटतं, बुरशीच्या चाऱ्याने घोडं खोकायला लागतं. तेव्हा फेऱ्यांचे पैसे हातात आले की घरी जायच्या आधी त्यातला चाऱ्याचा वाटा वेगळ्या डब्यात टाका आणि उन्हाळ्यातच गवत भरून ठेवा. बाळासाठीही असाच दुसरा डबा. किती टाकायचे ते तुम्ही दोघं ठरवा, पण टाकायचे पहिल्यांदा, उरले तर नव्हे.

मधेच एखादा दिवस चुकेल. बाळ आल्यावर तर नक्कीच. त्या दिवशी काहीही भरून काढू नका. आठ प्रश्न नकोत, दोन तासांची रपेट नको. दुसऱ्या सकाळी नेहमीचे चार खूर, नेहमीचे चार प्रश्न. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथीच्या शेजारी रोज एक रेघ ओढा. रेघ राहिली तर ती जागा कोरी राहू द्या, मागाहून ओढू नका. मी बाबांना खोटं हो म्हणायचे, ते त्या कोऱ्या जागेपेक्षा वाईट होतं.

अजून एक काम या आठवड्यात कराच. तुम्ही चारा जमिनीवर टाकता का? किनाऱ्याजवळच्या गावांत जमीन रेताड असते, चाऱ्याबरोबर वाळू पोटात जाते आणि आतड्यात साचते, त्यानेही पोटशूळ उठतो. चांदणीच्या परवाच्या दुखण्यात तिचाही हात असू शकतो. ताज्या लिदीच्या ढिगातले वरचे पाच-सहा गोळे घ्या, जमिनीला न लागलेले. काचेच्या बरणीत पाणी घालून ते विरघळवा आणि वीस मिनिटं बरणी हलवू नका. तळाशी वाळू बसली तर दिसेल. चमचाभर दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, नाही दिसली तरी चारा आता घमेल्यात आणि चंदी तोबऱ्यातच द्या.

पुढच्या अमावास्येनंतर मला लिहा. रेघा किती झाल्या ते कळवा, आणि बरणीत काय दिसलं तेही.